काही त्रास नसताना गर्भाशयमुखाची तपासणी कशाला? उपकेंद्र, एचपीव्ही चाचणी आणि ‘कॅन्सर पॅकेज’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ४७ वर्षांच्या, धाराशिव जिल्ह्यातल्या गावी राहतात, त्यांना कसलाही त्रास नाही. आशाताईंनी त्यांना उपकेंद्रावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीला बोलावलंय. तिथे डॉक्टर नसतील, सिस्टर तपासणार, तेही व्हिनेगरसारखं काहीतरी लावून. त्यापेक्षा त्यांना पुण्याला आणून एखाद्या लॅबचं मोठं ‘कॅन्सर पॅकेज’ करून घ्यावं का?

आधी उत्तर देते. आईंना उपकेंद्रावर जाऊ द्या. पॅकेजवर पैसे घालवू नका. पुण्याला येणारच असतील तर त्या पैशांच्या छोट्याशा भागात एक एचपीव्ही चाचणी, म्हणजे या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू शोधणारी चाचणी, करून घ्या, ती या पॅकेजमधल्या सगळ्या चाचण्यांपेक्षा मोलाची आहे. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि गेली बरीच वर्षं गावपातळीवरच्या कर्करोग तपासणीच्या संशोधनात काम करते. त्यामुळे नुसतं ‘करा’ किंवा ‘करू नका’ असं सांगून थांबत नाही, कारणंही सांगते. शिवाय ही कारणं तुमच्याच जिल्ह्यात सिद्ध झालेली आहेत.

‘त्रास नाही, मग कशाला?’ हा प्रश्न गावोगावी बायका मला विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे. गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कर्करोग एका विषाणूमुळे होतो. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, एचपीव्ही. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. लग्नानंतर हा विषाणू बहुतेक बायकांना कधी ना कधी गाठतो, आणि बहुतेकींच्या शरीरातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. काही थोड्या जणींमध्ये मात्र तो मुक्काम ठोकतो. मग पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलू लागतात. त्या बदलाचा कर्करोग व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात. एवढ्या सगळ्या काळात बाईला काहीही जाणवत नाही, आणि नेमका हाच काळ आपल्या हातात असतो. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं, पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावर जाणं ही लक्षणं दिसू लागतात तेव्हा आजार बऱ्याचदा पुढे गेलेला असतो. म्हणून ही तपासणी त्रास नसलेल्या बाईसाठीच आहे. ज्या बाईला यांतला त्रास सुरू झालाय तिने शिबिराची वाट बघायची नसते, तिने थेट स्त्रीरोगतज्ज्ञ गाठायचा असतो. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की बायका कारण नसताना महिनोन् महिने गमावतात.

आता तुमच्या जिल्ह्याची गोष्ट. शेजारच्या बार्शीत १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. शहरात अशी नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवरून करता येते. खेड्यात बाई रुग्णालयात पोचलीच नाही तर कागद कुठून येणार? म्हणून बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाचे डॉ. नेने आणि त्यांचे सहकारी यांनी माणसं गावागावांत पाठवली. ही माणसं पारावर, देवळात, घरोघरी जाऊन लक्षणं सांगत, आणि संशय वाटेल त्या बाईला रुग्णालयात आणत. काही वर्षांत फरक दिसू लागला. पहिल्या टप्प्यात येणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं. कुठलीही चाचणी नव्हती, नुसतं सांगणं आणि सोबत नेणं होतं. या कामाचं जेवढं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही, असं मला नेहमी वाटतं.

याच पायावर पुढचा मोठा प्रयोग उभा राहिला. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून काम सुरू केलं. नेतृत्व डॉ. रंगास्वामी शंकरनारायणन यांचं. ते मूळचे तिरुवनंतपुरमच्या कर्करोग केंद्रातले, पुढे लियाँला गेले. कर्करोगाच्या तपासणीतल्या भारतीय संशोधनात त्यांच्याइतकं मोठं काम क्वचितच कुणी केलं असेल. गावांचे ५२ गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे ते चार भागांत वाटले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. एका भागात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, तिसऱ्यात व्हाया, म्हणजे उपकेंद्रावर तुमच्या आईंची होणार आहे ती ‘व्हिनेगर’ लावून नजरेने करायची तपासणी. चौथ्या भागात माहिती दिली आणि नेहमीची रुग्णसेवा तेवढी सुरू ठेवली. तपासणी प्रत्येकीची आयुष्यात एकदाच. मग आठ वर्षं या सगळ्या बायकांवर लक्ष ठेवलं. निष्कर्ष २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले.

त्यातले दोन-तीन आकडे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला फळ्यावर लिहून दाखवते, तुम्हालाही दाखवते. एचपीव्ही गटात, म्हणजे ३४,१२६ बायकांत, गर्भाशयमुखाचे १२७ कर्करोग सापडले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांच्या गटात ११८. वरवर पाहिलं तर वाटेल, काय फायदा झाला, तपासणी केली तिथे उलट जास्तच निघाले! पण त्या १२७ मधले पुढच्या टप्प्याला गेलेले फक्त ३९ होते, आणि त्या ११८ मधले ८२. मृत्यू एचपीव्ही गटात ३४, दुसऱ्या गटात ६४. गटांचा आकार लक्षात घेतला की मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं दिसतं. म्हणूनच कुठल्याही शिबिराचा अहवाल ‘आम्ही इतके कॅन्सर शोधले’ एवढ्यावर थांबला की मी पुढचा प्रश्न विचारते: त्यांतल्या किती जणींचे उपचार पूर्ण झाले, आणि किती जणी आज हयात आहेत?

तिसरा आकडा तुमच्या आईंच्या दृष्टीने सगळ्यांत उपयोगाचा. ज्या बायकांची एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह आली होती, अशा वीस हजारांहून अधिक बायकांमध्ये पुढच्या आठ वर्षांत फक्त ८ कर्करोग निघाले. म्हणजे एक निगेटिव्ह चाचणी कित्येक वर्षांचा दिलासा देते. जागतिक आरोग्य संघटना आज तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही चाचणी पुरे असं सांगते, त्यामागच्या पुराव्यात या गावांतल्या बायकांचा मोठा वाटा आहे.

चौथ्या गटाबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ज्या गावांत तपासणी झाली नाही तिथल्या बायकांचं काय? यावर देशात आणि बाहेरही बरीच टीका झाली. पॅप स्मिअर पाश्चात्त्य देशांत पन्नास वर्षं वापरात असताना एका गटाला कुठलीच तपासणी न देणं योग्य होतं का? संशोधकांचं उत्तर असं की त्या काळी आपल्या खेड्यांत तपासणी कुणालाच मिळत नव्हती, आणि आपल्याकडे कोणती पद्धत चालेल हे तुलना केल्याशिवाय कळलं नसतं. दोन्ही बाजूंचं म्हणणं मी वाचलंय, दोन्हींत तथ्य आहे. पण एका गोष्टीबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. त्या ६४ जणींच्या मृत्यूतून जे ज्ञान मिळालं त्याचा फायदा आधी त्यांच्याच लेकीसुनांना मिळायला हवा होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या होत्या फक्त १.९ टक्के. शंभरातल्या दोनसुद्धा नाहीत. तुमच्या आईंना आशाताईंचं बोलावणं आलंय, ते नाकारू नका असं मी एवढं कळकळीने सांगते ते यामुळे.

आता सिस्टर आणि त्यांचं ते ‘व्हिनेगर’. आपल्या स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये असतं तेच ॲसिटिक ॲसिड, पण इथे ते मोजून पातळ केलेलं असतं, साधारण तीन ते पाच टक्के. चार मिली ॲसिड, शहाण्णव मिली डिस्टिल्ड पाणी, आणि द्रावण त्याच दिवशी केलेलं हवं. बाई टेबलावर झोपली की स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडून धरणारं साधन, घालून पिशवीचं तोंड उजेडात आणायचं, कापसाच्या बोळ्याने द्रावण लावायचं, आणि घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट थांबायचं. हे मिनिट फार महत्त्वाचं. गर्दीच्या शिबिरात पहिली काटछाट नेमकी इथेच होते. निरोगी भाग गुलाबी राहतो. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा होतो. पण प्रत्येक पांढरा डाग आजाराचा नसतो. सूज असली, जखम भरत असली तरी पुसट पांढुरका रंग येतो आणि लगेच विरतो. आपण शोधतो तो दाट, अपारदर्शक, काठ स्पष्ट असलेला पांढरा चट्टा, तोंडाच्या आतल्या आणि बाहेरच्या आवरणांची जिथे सीमा असते तिला चिकटलेला, आणि मिनिटभर टिकणारा. हे शिकायला एमबीबीएस व्हावं लागत नाही. चांगला दिवा, सरावलेली नजर आणि दर काही महिन्यांनी कुणीतरी ती नजर तपासून देणं एवढं लागतं.

याचा पुरावा मुंबईचा. १९९८ पासून टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री, डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. तपासणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका. दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या. बारा वर्षांच्या शेवटी तपासणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. तमिळनाडूच्या दिंडिगुल जिल्ह्यात तर नर्सनी केलेल्या एकाच फेरीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले.

मग उस्मानाबादच्या व्हाया गटात असा ठळक फरक का दिसला नाही? कारण तिथे तो दिसला नाही, हेही तुम्हाला सांगायलाच हवं. माझं मत असं आहे की व्हाया नजरेवर चालते, आणि नजर जागोजागी बदलते. मुंबईत एकाच बाईला चार वेळा पाहिलं, एकदा सुटलेलं दुसऱ्यांदा पकडता आलं. दिंडिगुलला चट्टा दिसला की बऱ्याच जणींना त्याच बैठकीत उपचारही मिळाला, ‘पुढच्या बुधवारी जिल्ह्याला या’ हा टप्पाच वगळला गेला. एचपीव्ही चाचणीत पहिला निर्णय यंत्र देतं, त्यामुळे ती एकदा करूनही पुरते. म्हणून माझा क्रम असा: मिळत असेल तर एचपीव्ही, नसेल तर व्हाया, आणि व्हाया असेल तर ती एकदा करून विसरायची नाही. सरकारी कार्यक्रमात ती पाच वर्षांनी आहे, जागतिक आरोग्य संघटना तीन वर्षं म्हणते, तेव्हा जमलं तर तीन. पाळी गेल्यावर आतल्या-बाहेरच्या आवरणांची ती सीमा आत सरकते आणि नजरेला दिसेनाशी होते, तेव्हा व्हायावर फारसं विसंबता येत नाही. आई ४७ च्या आहेत, म्हणजे हाच योग्य काळ आहे. एचपीव्हीचा नमुना बाईला आडोशाला जाऊन स्वतःचा स्वतः घेता येतो, हे त्यांना आवर्जून सांगा. लाजेपोटी अडलेल्या कितीतरी जणी एवढ्या एका सोयीने तयार होतात.

आता सगळ्यांत कळीचा मुद्दा. तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली तर?

व्हाया किंवा एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक जणींना कर्करोग नसतोच. पुढची पायरी म्हणजे कॉल्पोस्कोपी, भिंगातून नीट पाहणं, आणि गरज वाटली तर तिथलाच तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेऊन बायोप्सी. कर्करोगाच्या आधीचा बदल निघाला तर तो चट्टा तेवढा जाळता किंवा गोठवता येतो. थर्मल ॲब्लेशनमध्ये सुमारे शंभर अंश तापलेलं टोक वीस-तीस सेकंद टेकवतात. भूल लागत नाही, बाई त्याच दिवशी चालत घरी जाते. चट्टा मोठा असेल किंवा आत शिरत असेल तर तारेच्या वेढ्याने तेवढा भाग काढतात, त्याला लीप म्हणतात. यांतल्या कशासाठीही पिशवी काढावी लागत नाही.

हे वाक्य आईंना पुन्हा पुन्हा ऐकवा. मराठवाड्यात ‘पांढरं जातंय, पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ एवढ्या भीतीवर तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. बीडच्या ऊसतोड मजूर बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं, चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायकांना कर्करोगाची भीती दाखवली गेली, पण कर्करोगाची तपासणी फार थोड्या जणींच्या वाट्याला आली. मला याचा अजूनही संताप येतो. कुणीही ऑपरेशन सुचवलं तर बायोप्सीचा लेखी रिपोर्ट मागायचा, आणि तो घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं. विशेषतः सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातलं किंवा कर्करोग रुग्णालयातलं.

तुमच्या पॅकेजकडे वळते. अशा पॅकेजमध्ये बहुधा सीए-१२५, सीईए अशा रक्तातल्या ‘ट्यूमर मार्कर’ चाचण्या असतात. कर्करोगाचं निदान झालेल्या रुग्णाचा उपचार लागू पडतोय का, हे पाहायला त्या उपयोगी पडतात. धडधाकट बाईत आजार शोधायला नाही. साधा हिशोब करू, आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. दहा हजार बायकांत पाच जणींना अंडाशयाचा लपलेला कर्करोग आहे, आणि चाचणी निरोगी बाईला ९८ टक्के वेळा निरोगीच म्हणते. ऐकायला उत्तम. पण उरलेले दोन टक्के म्हणजे दोनशे बायका. त्या पाच जणी सगळ्या सापडल्या असं धरलं तरी दोनशे पाच घाबरलेल्या बायकांतल्या दोनशे निरोगी निघणार. त्यांची सोनोग्राफी, सीटी स्कॅन, काहींचं ऑपरेशनसुद्धा, हे सगळं विनाकारण. आणि जीव वाचतात का? ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांवर सीए-१२५ आणि सोनोग्राफीचा अभ्यास झाला, २०२१ मध्ये अंतिम निष्कर्ष आला. अंडाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत.

‘लवकर सापडला म्हणून जास्त जगले’ हेही दर वेळी खरं नसतं. एखादीला साठाव्या वर्षी आजार कळला आणि ती त्रेसष्टाव्या वर्षी गेली, तर ती निदानानंतर तीन वर्षं जगली. तोच आजार पंचावन्नाव्या वर्षी चाचणीत सापडला आणि ती त्रेसष्टाव्याच वर्षी गेली, तर कागदावर आठ वर्षं. आयुष्य एक दिवसही वाढलं नाही, फक्त काळजीची पाच वर्षं वाढली. दक्षिण कोरियात थायरॉइडच्या सोनोग्राफीचं पेव फुटलं. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाची निदानं १९९३ च्या पंधरा पट झाली, आणि त्या आजाराचे मृत्यू होते तेवढेच राहिले. हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, आणि ते जन्मभर गोळीवर राहिले. म्हणून चाचणी मृत्यू कमी करते असा पुरावा असेल तरच ती त्रास नसलेल्या माणसाला सुचवावी, हे आम्ही संशोधक काटेकोरपणे पाळतो.

असा पुरावा असलेली आणखी एक तपासणी आईंनी त्याच दिवशी करून घ्यावी, ती तोंडाची. त्या मिश्री लावतात का? तुम्ही लिहिलं नाही, पण आपल्याकडे चाळिशीपुढच्या बऱ्याच बायका लावतात, आणि तिला तंबाखू मानतच नाहीत. केरळमध्ये शंकरनारायणन यांच्याच अभ्यासात, आरोग्यसेवकांनी नुसतं उजेडात तोंड तपासल्याने तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणं, एवढं पाहायचं असतं. स्तनांची तपासणीही सिस्टर हातानेच करतील. मुंबईच्या त्याच अभ्यासात अशा तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले, त्याआधीच्या वयात फायदा दिसला नाही. तरी करून घ्यावी, त्यात खर्च नाही आणि गाठ असेल तर कळते.

जाण्याआधी थोडी तयारी. पाळीचे दिवस टाळून तारीख घ्या. आधीचे दोन दिवस योनीमार्गात कुठलंही औषध नको. गर्भाशयावर पूर्वी काही शस्त्रक्रिया झाली असेल तर कागद सोबत द्या. आणि सिस्टरना आधीच विचारा की पॉझिटिव्ह आली तर कॉल्पोस्कोपी कुठे होते, कोणत्या वारी होते, नाव कोण नोंदवणार. नीट उत्तर मिळालं नाही तरी तपासणी करून घ्याच, फक्त पुढची सोय तुम्ही पुण्यात करून ठेवा. मुंबईसारख्या काटेकोर अभ्यासातही पॉझिटिव्ह आलेल्या पाचातली एक बाई पुढच्या तपासणीला आलीच नाही. गावात तर एसटी चुकली, सुगी आली, घरचा माणूस सोबत येईना, एवढ्यावर बायका थांबतात. त्या दिवशी तुम्हीच आईंसोबत जा.

घरात नऊ ते चौदा वयाची मुलगी असेल तर तिला एचपीव्हीची लस द्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते. एकच डोस चांगलं संरक्षण देतो याचा एक मोठा पुरावाही भारतातलाच आहे. २०१० मध्ये एक लसअभ्यास अर्ध्यावर थांबवावा लागला, तेव्हा अनेक मुलींना एकच डोस मिळालेला होता. पुढची दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तेव्हा विषाणूच्या १६ आणि १८ या दोन घातक प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसने ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिलेलं दिसलं. त्या अभ्यासाच्या केंद्रांमध्ये पुणे होतं आणि बार्शीही होती. लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी करावीच लागेल. तुम्ही स्वतः तिशीच्या पुढे असाल तर आईंबरोबर तुमचीही एचपीव्ही चाचणी करून घ्या.